शंका-समाधान : मायक्रोकंट्रोलर बोर्डावरून मोटर चालवताना

या महिन्यात मोटर चालवण्याविषयी बरीच पत्रे आली, त्यांतली सहा निवडली आहेत. जवळजवळ सर्वांनी पत्रासोबत प्रोग्रॅम पाठवला आहे. तारा कशा जोडल्या, बॅटरी कोणती, मोटरच्या टोकांवर किती व्होल्ट मिळतात, हे मात्र एकाच पत्रात नीट लिहिलेले सापडले. पुढच्या वेळी प्रोग्रॅम नसला तरी चालेल. जोडणीचे हाताने काढलेले चित्र आणि मल्टिमीटरचे चार आकडे तेवढे जरूर पाठवावेत.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान मंडळासाठी आम्ही आर्डुइनो ऊनो बोर्ड, दोन पिवळ्या बीओ मोटरी (प्लास्टिकच्या गिअरच्या लहान मोटरी) आणि एल२९८एन ड्रायव्हर आणला आहे. मागच्या वर्षी पहिल्याच दिवशी एक बोर्ड जळाला. या वेळी जोडणी कोणत्या क्रमाने करावी? शिवाय चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर गाडी नुसती थरथरते आणि थांबते, त्याचे कारण काय? — विज्ञान शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बोर्ड कशाने जळतो ते आधी पाहू, म्हणजे क्रम आपोआप ठरेल. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपची एक पिन २० मिलीअँपिअरपर्यंतचा करंट आरामात देते; ४० मिलीअँपिअर ही तिची टोकाची मर्यादा आहे. मोटर, मग ती कितीही लहान असो, सुरू होताना आणि अडल्यावर याच्या अनेक पट करंट ओढते. त्यातून मोटरच्या वेटोळ्यातला करंट एकदम तोडला की उलट्या दिशेचा व्होल्टेजचा झटका बसतो. तो वाट काढून देण्यासाठी डायोड नसतील, तर झटका थेट पिनेवर येतो. म्हणून मोटर कधीही पिनेला जोडायची नाही, हा नियम मुलांना पहिल्या तासालाच सांगून ठेवावा. पिनेचे काम ड्रायव्हरला खूण करण्यापुरते आहे; त्या खुणेप्रमाणे बॅटरीतला करंट मोटरला देण्याचे काम ड्रायव्हरचे.

पहिल्या दिवशी फक्त बोर्ड आणि यूएसबी केबल घ्या आणि बोर्डावरचा दिवा उघडझाप करणारा तयार प्रोग्रॅम चढवा. तो चढत नसेल तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. काही केबल मोबाइल चार्ज करण्यापुरत्याच असतात, त्यांत माहितीच्या तारा नसतात. आणि स्वस्त बोर्डांवर सीएच३४० ही चिप असते, तिचे सॉफ्टवेअर संगणकावर वेगळे बसवावे लागू शकते. दुसऱ्या दिवशी ज्या पिना ड्रायव्हरला जाणार आहेत, त्यांना मोटरऐवजी ३३० ओहमचा रेझिस्टर लावून एलईडी जोडा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा आज्ञांना योग्य ते दिवे लागतात का, हे मुलांनी कागदावर टिपून घ्यावे. गाडी उलटीच का जाते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळते.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर आणि मोटरची बॅटरी जोडायची, पण सरळ नाही. वायरमनकडे सिरीज लॅम्प असतो, तीच युक्ती इथे वापरायची. मोटारसायकल किंवा कारच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा तारेचा बल्ब बॅटरीची धन तार आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये घाला. जोडणीत कुठे शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्बातून जाईल, बल्ब उजळेल आणि बाकी काही जळणार नाही, कारण पूर्ण १२ व्होल्टलाही तो पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. बल्ब विझलेला असेल किंवा तांबूस मिणमिणत असेल, तरच तो काढून सरळ जोडणी करावी. एलईडीचा बल्ब या कामाला चालत नाही. मोटर पहिल्यांदा फिरवताना गाडी डब्यावर ठेवून चाके अधांतरी ठेवा. टेबलावरून धावत सुटलेली गाडी पकडताना तारा उपटल्या गेल्याने झालेले नुकसानही मी पुष्कळ पाहिले आहे.

राहिली ९ व्होल्टची बॅटरी. ती रिमोट, अलार्म, मल्टिमीटर अशा किरकोळ करंटच्या वस्तूंसाठी असते. मोटरने करंट मागितला की तिच्या आतल्याच अडथळ्यामुळे तिचे व्होल्टेज कोसळते. उरलेल्यातले दोनएक व्होल्ट एल२९८एन स्वतःच खातो आणि मोटरच्या वाट्याला थरथर येते. १८६५० प्रकारचे दोन चांगले लिथियम सेल एकामागे एक जोडले की ७.४ व्होल्ट मिळतात. सेलना संरक्षक सर्किट हवेच आणि चार्जिंग शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. इतक्या लहान मोटरींसाठी टीबी६६१२एफएनजी हा मॉस्फेटचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा, ड्रायव्हर अधिक बरा. तो एका मोटरला सरासरी १.२ अँपिअर देतो आणि स्वतः फार कमी व्होल्टेज खातो. त्याची स्टँडबाय नावाची पिन ५ व्होल्टला जोडायची मात्र विसरू नका. ती जोडली नाही तर तो ढिम्म हलत नाही आणि दोष प्रोग्रॅमला दिला जातो.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात १२ व्होल्टच्या दोन जॉन्सन गिअर मोटरी, एल२९८एन मॉड्यूल आणि ऊनो वापरला आहे. बॅटरी यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची आहे. ऊनोला वीज मॉड्यूलच्याच ५ व्होल्टच्या टोकावरून दिली आहे. सगळी ग्राउंड ब्रेडबोर्डच्या पट्टीवर एकत्र केली आहेत. गाडी सरळ चालते, पण दिशा उलटी केली की बोर्ड रीसेट होतो. बॅटरीवर १२.२ व्होल्ट आणि फिरत्या मोटरवर ९.८ व्होल्ट मिळतात, आणि ड्रायव्हरची पट्टी हाताला चटका बसेल इतकी तापते. प्रोग्रॅम तीनदा बदलून पाहिला. — पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : वर उल्लेख केलेले नीट लिहिलेले पत्र ते हेच. तुमच्याच आकड्यांवरून रोग ओळखता येतो.

१२.२ मधून ९.८ गेले, म्हणजे २.४ व्होल्ट ड्रायव्हरमध्ये अडकले. एल२९८ मध्ये जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. करंट त्यातल्या दोघांमधून जातो आणि प्रत्येक जण आपला वाटा घेतो, त्यामुळे एवढी घट हा बिघाड नसून त्या चिपचा स्वभाव आहे. मोटर १.२ अँपिअर घेत असेल तर २.४ गुणिले १.२, म्हणजे जवळजवळ ३ वॅट उष्णता एका मोटरमागे आणि ६ वॅट दोन्हींमागे त्या छोट्या काळ्या पट्टीतून बाहेर पडायची आहे. चटका बसणारच.

आता रीसेटकडे वळू. बॅटरी काढून मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा. आधी मीटरच्या दोन सळ्या एकमेकींना टेकवून त्यांचाच रोध किती दाखवतो ते पाहा आणि तो वजा करा. आस किंचित हलवून चार-पाच वेळा मोजा, कारण ब्रश कम्युटेटरच्या कोणत्या पट्टीवर टेकला आहे यावर आकडा बदलतो. त्यातला सर्वांत लहान आकडा धरा. समजा मीटरने ३.१ ओहम दाखवले आणि सळ्यांचे ०.४ वजा केले, तर उरले २.७. मोटर अडली किंवा नुकती सुरू होत असली की १२ भागिले २.७, म्हणजे सुमारे ४.४ अँपिअर करंट जाणार. एल२९८ ची मर्यादा एका मोटरला २ अँपिअर आहे.

ही झाली सुरू होतानाची गोष्ट. दिशा उलटताना याहून वाईट घडते. फिरती मोटर स्वतः जनित्रासारखे व्होल्टेज तयार करत असते आणि ते एरवी बॅटरीच्या विरुद्ध असते. म्हणूनच फिरती मोटर कमी करंट घेते. तुम्ही फिरत्या मोटरला एकदम उलटी आज्ञा दिली की तेच व्होल्टेज बॅटरीच्या बाजूने होते, दोन्हींची बेरीज २४ व्होल्टच्या जवळ जाते आणि करंट क्षणभर ९ अँपिअरकडे धावतो. ड्रायव्हरमधली घट आणि तारांचा रोध त्याला थोडा आवर घालतात, एवढेच. हा करंट ब्रेडबोर्डच्या पातळ पट्टीतून आणि केसासारख्या जंपर वायरींमधून जातो. त्या वाटेत ०.१ ओहमचा रोध असला तरी ५ अँपिअरला अर्ध्या व्होल्टची घट होते. ऊनोचे ग्राउंड त्याच पट्टीवर असल्याने त्याच्या पायाखालची जमीनच हलते. त्याच क्षणी बॅटरीच्या तारांवर घट होते, मॉड्यूलवरच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही आणि बोर्डावरचे व्होल्टेज २.७ च्या खाली गेले की चिप स्वतःच्या संरक्षणासाठी रीसेट होते. प्रोग्रॅम तीनदा बदलून उपयोग झाला नाही याचे कारण हे आहे.

खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग असा. मॉड्यूलवरून ऊनोला जाणारी ५ व्होल्टची तार काढा, ग्राउंड तसेच राहू द्या आणि बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवा. सेटअपमध्ये ‘सुरू झालो’ असा एक शब्द सिरीयल मॉनिटरवर छापायला सांगा, म्हणजे रीसेट झाला की तो पुन्हा उमटेल. यूएसबीवर रीसेट थांबले तर दोष वीजपुरवठ्यात आहे. थांबले नाहीत तर ग्राउंडच्या वाटेत किंवा ब्रशच्या ठिणग्यांच्या गोंगाटात आहे. ही चाचणी करताना बॅटरीची ऋण तार ड्रायव्हरला घट्ट स्क्रूखाली आवळलेली असू द्या. एकदा माझ्या टेबलावर ती निसटली होती. मोटरच्या करंटने परतीची दुसरी वाट शोधली, ती ऊनोच्या ग्राउंडमधून यूएसबी केबलमार्गे लॅपटॉपकडे गेली, आणि त्या लॅपटॉपचे ते एक पोर्ट आजही बंद आहे.

दुरुस्तीत पहिले काम फुकटचे आहे. दिशा उलटण्यापूर्वी मोटरला थांबण्याची आज्ञा द्या, पाव सेकंद थांबा आणि मग वेग शून्यापासून अर्ध्या सेकंदात चढवत न्या. दुसरे काम ग्राउंडचे. बॅटरीच्या ऋण टोकापासून ड्रायव्हरला जाड तार न्या आणि ऊनोचे ग्राउंड ड्रायव्हरच्या ग्राउंडच्या स्क्रूवरून स्वतंत्र घ्या. मोटरचा करंट ब्रेडबोर्डवरून जाताच कामा नये. ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कॅपॅसिटर, त्याची धन-ऋण टोके पाहून लावा. मोटरच्या दोन टोकांवर ‘१०४’ छापलेला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर अगदी मोटरच्या अंगाशी डाग देऊन बसवा. ऊनोला स्वतंत्र बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारे मॉड्यूल) द्या, पण तो जोडण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून बाहेर येणारे व्होल्टेज मीटरवर ५ ला आणा. नवीन मॉड्यूल कोणत्या व्होल्टेजवर लावलेले येईल याचा नेम नसतो. ते ऊनोच्या ५ व्होल्ट पिनेला दिले की बोर्डावरचे कोणतेही संरक्षण मध्ये राहत नाही. बॅटरीच्या धन टोकाजवळ १० अँपिअरचा वाहनांतला फ्यूज हवा. शिसे-आम्लाची बॅटरी शॉर्ट झाली तर तार लाल होईपर्यंत करंट देते.

एवढे करून रीसेट थांबतील, पण ड्रायव्हर तापायचा थांबणार नाही. दर मोटरमागे एक बीटीएस७९६० चे मॉड्यूल घ्यावे असा माझा सल्ला आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते सहज मिळते. त्याच्या जाहिरातीतला ४३ अँपिअरचा आकडा मनावर घेऊ नका. तेवढ्या करंटला त्या मॉड्यूलवरची पातळ तांब्याची वाट टिकत नाही. तुमच्या ४-५ अँपिअरला मात्र ते पुरून उरेल.

प्रश्न : आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कन्व्हेयरच्या पट्ट्यासाठी १२ व्होल्टची मोटर ऊनो आणि बीटीएस७९६० वर चालवतो. कमी वेगाला मोटर डासासारखी गुणगुणते, आणि अ‍ॅनालॉगराइटमध्ये ६० च्या खालचा आकडा दिला तर फिरतच नाही. — वर्कशॉपचालक, नाशिक

उत्तर : गुणगुणणे हा मोटरचा दोष नाही. अ‍ॅनालॉगराइट ही आज्ञा पिन सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करते, पाचव्या आणि सहाव्या पिनेवर ९८० वेळा. हे दोन्ही स्वर कानाच्या टप्प्यात आहेत. वेटोळी आणि पत्रे त्या तालावर थरथरतात, तोच आवाज तुम्ही ऐकता. स्वर २० किलोहर्ट्झवर नेला की तो ऐकू येत नाही. बीटीएस७९६० ला २५ किलोहर्ट्झपर्यंत चालते. एल२९८एन असता तर हा सल्ला दिला नसता, कारण त्याचे ट्रान्झिस्टर सावकाश बंद होतात आणि वारंवारता वाढवली की आणखी तापतात.

मोटरच्या दोन्ही दिशांच्या तारा नवव्या आणि दहाव्या पिनेवर घ्या, कारण त्या दोन्ही टायमर १ वर चालतात. हा टायमर फेज-करेक्ट पद्धतीत, प्रीस्केलर १ वर आणि आयसीआर१ या रजिस्टरमध्ये ४०० भरून चालवला की १ कोटी ६० लाख भागिले दोनदा ४००, म्हणजे बरोबर २० किलोहर्ट्झ मिळतात. वेगाचा आकडा ० ते ४०० मध्ये, नवव्या पिनेसाठी ओसीआर१ए मध्ये आणि दहाव्यासाठी ओसीआर१बी मध्ये लिहायचा. त्यानंतर सवयीने अ‍ॅनालॉगराइट वापरू नका. तसे केल्यास २५४ ला मोटर ६० टक्क्यांच्या थोडे वर रेंगाळते आणि २५५ ला एकदम उधळते, कारण ती आज्ञा २५४ हा आकडा ४०० पैकी धरते, पण २५५ दिसला की टायमर सोडून पिन सरळ चालू ठेवते. याच ऊनोवर सर्व्हो मोटरची लायब्ररी वापरत असाल तर तीही टायमर १ च मागते. दोघींपैकी एकीला दुसरा बोर्ड द्यावा लागेल. टायमर शून्याला हात लावू नका. डिले आणि मिलिस या आज्ञांचे घड्याळ त्याच्यावर चालते.

६० च्या खाली मोटर न फिरणे ही घर्षणाची बाब आहे. थांबलेला पट्टा हलवायला जितका जोर लागतो तितका हलता ठेवायला लागत नाही. त्यामुळे सुरुवातीला ५० मिलिसेकंद भरपूर जोर देऊन मग हव्या आकड्यावर उतरलात तर काम भागेल. वारंवारता वाढवल्यावर हा ६० चा आकडा बदलेल, तो पुन्हा मोजून घ्यावा लागेल. पट्ट्यावरचा माल कमी-जास्त होऊनही वेग तोच राहायला हवा असेल, तर मोटरच्या मागे एन्कोडर (फिरण्यासोबत स्पंद देणारा सेन्सर) बसवून त्याचे स्पंद दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या इंटरप्टवर मोजणे, आणि मोजलेल्या वेगावरून जोर ठरवणे, हाच खरा उपाय आहे. वेगातल्या चुकीवरून जोर ठरवण्याच्या या पद्धतीला पीआयडी म्हणतात. तिच्यातले आधी फक्त प्रमाण (पी, चुकीच्या प्रमाणात जोर) आणि मग थोडे संकलन (आय, साठत गेलेल्या चुकीवरून जोर) एवढीच पदे वापरा. कन्व्हेयरला तिच्यातले डी (चूक किती झपाट्याने बदलते त्यावरून जोर) बहुधा लागत नाही आणि लावले तर एन्कोडरच्या तुटक आकड्यांवर ते उगाच थयथयाट करते.

प्रश्न : ईएसपी३२ वर व्हिडिओत पाहिलेला मोटरचा प्रोग्रॅम जसाच्या तसा टाकला, तर ‘एलईडीसी-सेटअप ओळखत नाही’ अशी चूक येते. तो कसाबसा चालवला, तर बोर्ड सुरू होताना मोटर एक हिसका देते, आणि १२ क्रमांकाच्या पिनेला ड्रायव्हर जोडला असता बोर्ड सुरूच होत नाही. — सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत. पहिली आवृत्तीची आहे. आर्डुइनोसाठीच्या ईएसपी३२ च्या ३.० आवृत्तीपासून एलईडीसी-सेटअप आणि एलईडीसी-अटॅचपिन या दोन्ही आज्ञा काढून टाकल्या असून त्यांच्या जागी एलईडीसी-अटॅच ही एकच आज्ञा आहे. तिला पिन, वारंवारता आणि बिटांची संख्या द्यायची. एलईडीसी-राइटलाही आता चॅनेलचा क्रमांक न देता पिनेचा क्रमांक लागतो. हा दुसरा बदल अधिक फसवा आहे, कारण तिथे चूक दाखवली जात नाही, मोटर नुसती गप्प बसते.

हिसक्याचे कारण असे की बोर्ड जागा होऊन तुमचा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत पिना कोणाच्याच ताब्यात नसतात आणि काही पिना त्या काळात स्वतःहून उंचावतात. ड्रायव्हरच्या सक्षम करणाऱ्या (एनेबल) पिनेपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. प्रोग्रॅमने जाणीवपूर्वक उंचावल्याशिवाय ड्रायव्हर मग झोपलेलाच राहील. १२ क्रमांकाची पिन सुरू होतानाच्या काही खास पिनांपैकी आहे. ती त्या क्षणी उंच असली की बोर्ड आपल्या फ्लॅश मेमरीला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देतो आणि बहुतेक बोर्डांवरची मेमरी तेवढ्यावर चालत नाही. ०, २, ५, १२ आणि १५ या पिना मोटरसाठी घेऊ नका. ३४ ते ३९ फक्त आत वाचणाऱ्या आहेत, त्यांतून मोटरला आज्ञा जाणारच नाही. २५, २६, २७, ३२, ३३ या पाच पिनांत एका मोटरचे काम निर्धास्त होते.

तुम्ही विचारलेले नाही, पण ड्रायव्हर बीटीएस७९६० चा असेल तर आणखी एक अडचण येईल. त्या मॉड्यूलवर बहुधा ७४एचसी२४४ ही मधली चिप असते. तिला ५ व्होल्ट दिले की ती ३.५ व्होल्टच्या वरच्यालाच खात्रीने ‘उंच’ मानते, आणि ईएसपी३२ देतो ३.३. मग एक मॉड्यूल चालते, दुसरे चालत नाही, थंडीत चालते, उन्हात नाही. मॉड्यूलच्या लॉजिकच्या पुरवठ्याला ५ ऐवजी ३.३ व्होल्ट दिले की हा खेळ थांबतो. मोटरच्या बॅटरीचा याच्याशी संबंध नाही. सिरीयल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’ (बोर्डाचे व्होल्टेज पडल्याची सूचना) हा शब्द दिसू लागला तर सांगलीच्या पत्राचे उत्तर वाचावे.

प्रश्न : विहिरीवर ५ एचपीचा थ्री-फेज पंप आहे. ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ लिहिलेला निळा रिले आणि ईएसपी३२ लावून मोबाइलवरून पंप चालू-बंद करता येईल का? वेगही कमी-जास्त करता येईल का? — शेतकरी, जालना

उत्तर : त्या रिलेवरून पंप थेट चालवू नका. १० अँपिअर हा आकडा हीटरसारख्या साध्या लोडसाठी आणि २५० व्होल्टपर्यंतचा आहे. तुमच्या दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात. ५ एचपीची मोटर पूर्ण लोडवर ७ अँपिअरच्या आसपास घेते, आणि थेट सुरू होताना त्याच्या सहापट. रिलेची टोके पहिल्या काही दिवसांतच एकमेकांना चिकटतील, आणि मग मोबाइलवर ‘बंद’ दिसेल पण पंप चालूच राहील.

तुमचा स्टार्टर आहे तसाच ठेवा. ओव्हरलोड आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर यांना बोर्डाने वळसा घालता कामा नये. स्टार्टरचे हिरवे बटण जे करते तेवढेच काम बोर्डाकडे द्यायचे. स्टार्टरच्या कॉईलवर बहुधा दोन फेज, म्हणजे ४१५ व्होल्ट असतात. म्हणून तिथेही निळा रिले न लावता २४ व्होल्ट डीसी कॉईलचे, ४१५ व्होल्टला चालणारे दोन लहान कॉन्टॅक्टर लावून घ्या. एकाचे टोक हिरव्या बटणाला समांतर, दीड-दोन सेकंद मिटणारे. दुसऱ्याचे एरवी मिटलेले टोक लाल बटणाच्या रांगेत, बंद करताना उघडणारे. निळे रिले या २४ व्होल्टच्या कॉईली चालवण्यापुरते वापरा आणि प्रत्येक कॉईलवर उलटा डायोड लावा. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, खांबावरचा पुरवठा तोडून करवून घ्यावी. वीज आल्यावर पंप आपोआप सुरू करायचा असेल तर एकदोन मिनिटे थांबून करावा. एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणी उठले की व्होल्टेज पडते आणि कोणाचाच पंप धड सुरू होत नाही.

वेगासाठी व्हीएफडी, म्हणजे पुरवठ्याची वारंवारता बदलणारे यंत्र, लागतो. त्याला ० ते १० व्होल्टची खूण बोर्डावरून देता येते, पण विहिरीतून शेतात पाणी उचलायला वेग कमी करून फारसे काही साधत नाही. ठरावीक मर्यादेच्या खाली वेग गेला की पाणी वर येणेच थांबते.

प्रश्न : बंद पडलेल्या ई-सायकलची ३६ व्होल्ट, २५० वॅटची हब मोटर मिळाली आहे. तीन जाड आणि पाच बारीक तारा आहेत. दोन एल२९८एन जोडून ऊनोवरून फिरवता येईल का? — छंद म्हणून प्रयोग करणारा वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. २५० वॅट भागिले ३६ म्हणजे ७ अँपिअर तर नेहमीचेच झाले. एल२९८एन पहिल्या चढाला जातील. पण पाच बारीक तारांवर ऊनोने एक उपयुक्त चाचणी करता येते. त्यात लाल आणि काळी हॉल सेन्सरच्या (चुंबकावरून चाकाची स्थिती ओळखणाऱ्या सेन्सरच्या) ५ व्होल्ट पुरवठ्याच्या असतात, पिवळी, हिरवी आणि निळी तीन सेन्सरांच्या. तिन्ही पिना अंतर्गत पुल-अप लावून वाचा, चाक हाताने सावकाश फिरवा आणि तीन आकड्यांची जोडी मॉनिटरवर पाहा. १२० अंशांच्या मांडणीत सहाच स्थिती याव्यात आणि प्रत्येक पावलाला एकच आकडा बदलावा. तिन्ही शून्य किंवा तिन्ही एक अशी स्थिती दिसली, तर एक सेन्सर मेला आहे किंवा त्याची तार आत तुटली आहे, आणि बहुधा सायकल त्यामुळेच बंद पडली असेल.

मोटर फिरवण्यासाठी तीन अर्धे पूल, म्हणजे सहा मॉस्फेट, आणि त्यांना चालवणारी चिप लागते. एका पुलातला वरचा आणि खालचा मॉस्फेट क्षणभरही एकत्र चालू झाले तर बॅटरी थेट शॉर्ट होते. म्हणून दोन्हींच्या मध्ये थोडा मृत काळ ठेवावा लागतो, आणि तो प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवू नये. एसटीएम३२ च्या बहुतेक न्यूक्लिओ बोर्डांवर टायमर १ हे काम हार्डवेअरमध्ये करतो. त्याला ब्रेकची एक पिनही असते. करंट मर्यादेबाहेर गेल्याची खूण तिच्यावर आली की प्रोग्रॅम कुठेही अडकलेला असो, सहाही मॉस्फेट बंद होतात. शिकण्याची इच्छा असेल तर याच वाटेने जा, मात्र सुरुवातीला ३६ ऐवजी १२ व्होल्ट आणि चिपळूणच्या उत्तरातला इंडिकेटरचा बल्ब वापरा.

नुसते चाक फिरवायचे असेल तर ई-सायकलचा तयार कंट्रोलर घ्या. त्याच्या थ्रॉटलच्या तारेला साधारण १ ते ४ व्होल्ट लागतात. ऊनोच्या पिनेतून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर यांमधून गाळलेले पीडब्ल्यूएम (अ‍ॅनालॉगराइटची झपाट्याने चालू-बंद होणारी खूण) तिथे देता येते. ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट पूर्ण वेगाला अपुरे पडतील. कंट्रोलरला ब्रेकची वेगळी तार असते, ती रिकामी सोडू नका. तिला हाताशी येईल असे बटण लावा, चाक जमिनीपासून वर टांगा, आणि ते बटण दाबल्यावर चाकाची ओढ सुटते हे पाहिल्यावरच थ्रॉटलची तार ऊनोला जोडा.